फायलोडीजच्या गाठीत सापडलेला डीसीआयएस: एक रिपोर्ट, दोन आजार

प्रश्न थोडक्यात असा: ताईचं वय ४६. डाव्या स्तनात दोन वर्षांपासून छोटी गाठ होती. सोनोग्राफी आणि सुईच्या तपासणीत फायब्रोॲडेनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ, निघाला, म्हणून नुसतं लक्ष ठेवलं. गेल्या चार-पाच महिन्यांत गाठ झपाट्याने वाढली, तेव्हा काढून टाकली. रिपोर्ट आला तो असा: बॉर्डरलाइन (साधी आणि कॅन्सरची यांच्या मधल्या ग्रेडची) फायलोडीज ट्यूमर, ६.५ सेंमी, गाठीच्या आतच ८ मिमी भागात इंटरमीडिएट ग्रेडचा डीसीआयएस (दूधनळीच्या आतच असलेला कॅन्सर), सर्वांत जवळचं मार्जिन (गाठ आणि कापलेली कड यांतलं अंतर) ३ मिमी. एक सर्जन पूर्ण स्तन काढायला सांगतात, दुसरे म्हणतात आता काहीच करायची गरज नाही. नातेवाइकांना कीमोची काळजी लागली आहे. ताईला दोन कॅन्सर झालेत का? फायब्रोॲडेनोमाचाच कॅन्सर झाला का? आणि तिच्या १९ वर्षांच्या मुलीला धोका किती?

मी हिस्टोपॅथॉलॉजिस्ट आहे. म्हणजे ऑपरेशननंतर गाठ ज्याच्या टेबलावर येते आणि पेशंटला जो कधीच दिसत नाही, तो डॉक्टर. उपचार ठरवण्याचं काम सर्जन आणि ऑन्कॉलॉजिस्टचं. पण असे रिपोर्ट मी वर्षानुवर्षं लिहितो आणि ट्यूमर बोर्डात, म्हणजे सगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत, त्यावर होणारे वादही ऐकतो, त्यामुळे तुमचे दोन सर्जन दोन टोकांना का गेले असावेत याचा अंदाज आहे. पहिल्यांनी दोन आजारांची बेरीज केली. दुसऱ्यांनी ‘गाठ तर पूर्ण निघाली’ म्हणून दोन्ही आजार एकाच फाइलीत घालून फाइल बंद केली. मला दोन्ही पटत नाही. रिपोर्ट एक असला तरी आजार दोन आहेत. दोघांची मुळं वेगळी, स्वभाव वेगळे आणि उपचारही वेगळे. प्रत्येकाचा विचार स्वतंत्रपणे झाला की चित्र बरंच साधं होतं.

घरच्यांना आज रात्री झोप लागावी म्हणून आधी एक गोष्ट सांगतो. तुम्ही लिहिलेल्या रिपोर्टमध्ये आजार शरीरात पसरल्याचं काहीही नाही. डीसीआयएस म्हणजे दूधनळीच्या आत, तिच्या भिंतीच्या अलीकडे थांबलेला कॅन्सर. भिंत ओलांडलेली नाही तोवर त्याला काखेत किंवा रक्तात जायला वाट नसते. बॉर्डरलाइन फायलोडीजचा मुख्य धोका आहे तो त्याच जागी पुन्हा येण्याचा. तो दूर पसरणं फारच विरळ. म्हणून निर्णयाला दोन-तीन आठवडे लागले तरी काही बिघडत नाही. घाईत स्तन काढला तर मात्र तो परत मिळत नाही.

आता फायलोडीजकडे येतो. हा आजार दुर्मीळ आहे. स्तनातल्या सगळ्या गाठींमध्ये त्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी १८३८ मध्ये त्याचं वर्णन करून त्याला ‘सिस्टोसार्कोमा फायलोडीज’ म्हटलं. त्यातल्या ‘सार्कोमा’ने पुढे दीडशे वर्षं पेशंटची झोप उडवली. वास्तविक निम्म्याहून बऱ्याच जास्त फायलोडीज बेनाइन, म्हणजे साध्या असतात. जुन्या पद्धतीने लिहिणारे काही जण अजूनही ‘सिस्टोसार्कोमा’ हा शब्द वापरतात. कुठे दिसला तर दचकू नका, त्याच्या पुढे ग्रेड काय लिहिलाय ते वाचा.

स्तनात दोन प्रकारचं ऊतक असतं: दूधनळ्या आणि ग्रंथींचं अस्तर, आणि त्यांना आधार देणारं तंतुमय ऊतक, ज्याला आम्ही स्ट्रोमा म्हणतो. आपण नेहमी ज्याला स्तनाचा कॅन्सर म्हणतो, तो अस्तराच्या पेशींचा. फायलोडीज हा स्ट्रोमाचा आजार. त्याच्यात अस्तराच्या पेशीही असतात, पण स्ट्रोमा बेबंद वाढतो आणि अस्तर त्याच्यासोबत ताणलं जातं. फायब्रोॲडेनोमातही हेच दोन घटक असतात, फक्त तिथे स्ट्रोमा शांत असतो. दोघांच्या स्ट्रोमात ‘एमईडी१२’ या एकाच जीनमधला बदल सापडतो. सिंगापूरच्या गटाने २०१४ मध्ये आधी फायब्रोॲडेनोमात तो दाखवला, नंतर फायलोडीजमध्येही दिसला. म्हणजे दोघं एकाच कुळातले. काही फायलोडीज जुन्या फायब्रोॲडेनोमातूनच पुढे निघाल्या असाव्यात असं मानायला जागा आहे. पण याचा अर्थ प्रत्येक फायब्रोॲडेनोमा कधीतरी बिघडणार, असा नाही. बहुसंख्य फायब्रोॲडेनोमा आयुष्यभर आहेत तसेच राहतात, नाहीतर पाळी गेल्यावर आक्रसतात.

मग दोन वर्षांपूर्वीची सुईची तपासणी चुकली का? बहुधा नाही. बारीक सुईने, म्हणजे एफएनएसीत, मूठभर सुट्या पेशी हाती लागतात. त्यावरून फायब्रोॲडेनोमा आणि फायलोडीज वेगळे करणं पुष्कळदा शक्यच नसतं. जाड सुईच्या कोअर बायोप्सीत काडीएवढे तुकडे मिळतात, पण फायलोडीज ही गाठ सगळीकडे सारखी नसते. एका कोपऱ्यात अगदी फायब्रोॲडेनोमासारखी तर दुसऱ्या कोपऱ्यात उग्र. सुई कुठल्या कोपऱ्यात गेली यावर उत्तर ठरतं. म्हणून आम्ही अशा वेळी ‘सेल्युलर फायब्रोएपिथेलियल लीजन’ असं मोघम लिहितो आणि गाठ काढून पाठवा म्हणतो. सर्जन कधी वैतागतात, पण तेच प्रामाणिक उत्तर असतं. ताईच्या बाबतीत खरी खूण होती ती गाठ अचानक वाढण्याची. चाळिशीच्या आसपास किंवा पुढे एखादी जुनी ‘साधी’ गाठ काही महिन्यांत दुप्पट होत असेल, तर जुना रिपोर्ट बाजूला ठेवून ती काढावी. तुम्ही तेच केलंत.

फायलोडीज कापल्यावर कशी दिसते ते सांगतो, कारण रिपोर्टमधले आकडे तिथूनच येतात. गाठ फॉर्मलिनच्या बरणीत येते. सर्जन नेटका असेल तर तिला दोन दोरे बांधलेले असतात, आखूड दोरा वरच्या बाजूला आणि लांब दोरा बाहेरच्या. आधी आम्ही पृष्ठभागाला शाई लावतो, बाजूनुसार वेगवेगळ्या रंगांची. मग सुरी चालवतो. साधा फायब्रोॲडेनोमा कापला तर पांढरट, घट्ट, एकसारखा दिसतो. फायलोडीज कापताच फुगून वर येते, आणि आत कोबीचा गड्डा मधोमध चिरल्यासारखे वळणावळणाचे पापुद्रे, त्यांच्यामध्ये फटी, फटींत बुळबुळीत द्रव. उग्र गाठीत मधूनच रक्ताळलेले किंवा पिवळट, मेलेले भाग. आणि डीसीआयएस? तो डोळ्यांना दिसतच नाही. तो सापडतो नंतर, स्लाइडवर.

इथेच एक मुद्दा फार लोकांच्या लक्षात येत नाही. अख्खी गाठ कोणीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहत नाही. दर सेंटिमीटरला निदान एक तुकडा घ्यायचा असा आमच्याकडचा प्रघात आहे, म्हणजे ६.५ सेंमीच्या गाठीतून सहा-सात तरी, आणि त्या प्रत्येक तुकड्यातून तीन-चार मायक्रॉन जाडीचा पापुद्रा काचेवर चढतो. तेव्हा ‘८ मिमी डीसीआयएस’ म्हणजे पाहिलेल्या तुकड्यांत सापडलेला डीसीआयएस. न घेतलेल्या भागातही तो असू शकतो. माझ्याकडे ही केस आली तर माझा पहिला प्रश्न असेल: डीसीआयएस दिसल्यावर बरणीतल्या उरलेल्या गाठीतून आणखी तुकडे घेतले का? घेतले नसतील तर ते आताही घेता येतात. उरलेली गाठ लॅबमध्ये काही आठवडेच ठेवतात आणि मग फेकतात, म्हणून उद्याच फोन करून सांगा की आमची गाठ टाकू नका.

फायलोडीजचा ग्रेड ठरवताना स्ट्रोमाच्या पाच गोष्टी पाहतो: पेशींची दाटी, त्यांच्या केंद्रकांचा बेढबपणा, विभाजन होत असलेल्या पेशींची संख्या, स्ट्रोमा इतका वाढलाय का की एका अख्ख्या दृश्यक्षेत्रात अस्तराचा मागमूस नाही, आणि गाठीची कड रेखीव आहे की आजूबाजूच्या चरबीत शिरलेली. विभाजनांचा हिशेब मोठ्या भिंगाच्या दहा क्षेत्रांमागे होतो: पाचपेक्षा कमी ते बेनाइन, पाच ते नऊ बॉर्डरलाइन, दहा किंवा जास्त मॅलिग्नंट, म्हणजे कॅन्सरची. पण नुसत्या या एका आकड्यावर ग्रेड ठरत नाही. मॅलिग्नंट म्हणायला सहसा सगळी वाईट लक्षणं एकत्र हवीत. एक-दोन असतील, बाकीची नसतील, तर गाठ बॉर्डरलाइनमध्ये पडते. त्यामुळे बॉर्डरलाइन हा फार सैल गट आहे. त्यात जवळजवळ बेनाइन गाठीही आहेत आणि मॅलिग्नंटच्या उंबऱ्यावरच्याही. ताईची यांतली कुठली, हे पाच गोष्टींचा तपशील वाचल्याशिवाय कळणार नाही. रिपोर्टमध्ये तो नसेल तर मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

गाठ पुन्हा येण्याचं प्रमाण ग्रेडनुसार वाढतं. ढोबळमानाने बेनाइनमध्ये १० ते १७ टक्के, बॉर्डरलाइनमध्ये १४ ते २५ आणि मॅलिग्नंटमध्ये २३ ते ३० टक्के. सिंगापूर जनरल हॉस्पिटलने ६०५ फायलोडीजचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. सगळे ग्रेड मिळून सुमारे १३ टक्के बायकांमध्ये गाठ पुन्हा आली, त्यातही बहुतेक त्याच जागी, आणि या आजाराने मृत्यू झाला तो सुमारे २ टक्के बायकांचा. पुन्हा येणारी गाठ बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच येते. दूर पसरते ती जवळजवळ नेहमी मॅलिग्नंट फायलोडीज, आणि तीही रक्तातून, मुख्यतः फुप्फुसात. काखेतल्या ग्रंथींमध्ये ती जवळपास जातच नाही. मोठ्या गाठीबरोबर काखेत ग्रंथी हाताला लागतात खऱ्या, पण त्या बहुतेक वेळा प्रतिक्रियेने सुजलेल्या असतात. तेव्हा नुसत्या फायलोडीजसाठी काख साफ करण्याचं ऑपरेशन कोणी सुचवलं, तर ‘का?’ असं जरूर विचारा.

मग तिच्यात डीसीआयएस आला कुठून? फायलोडीजच्या आत अस्तराचा कॅन्सर सापडणं फारच विरळ, फायलोडीजच्या साधारण एक-दोन टक्क्यांत. कधी डीसीआयएस, कधी लोब्युलर प्रकारचा इन-सीटू (दूधग्रंथींत जागच्या जागी थांबलेला), कधी भिंत ओलांडलेला इन्व्हेझिव्ह कॅन्सर. कधी तो गाठीच्या आत असतो, कधी शेजारच्या ऊतकात, कधी चक्क दुसऱ्या स्तनात. फायलोडीजमुळे कॅन्सर झाला की दोघं योगायोगाने एकत्र आले, यावर आमच्यात एकमत नाही. वाढणारा स्ट्रोमा आणि अस्तर एकमेकांना रासायनिक इशारे देत असतात हे ठाऊक आहे, आणि फायलोडीजच्या अस्तरात साधी दाटी, ज्याला हायपरप्लेजिया म्हणतात, नेहमी दिसते. त्या दाटीतून एखादी पेशी पुढे जाणं अशक्य नाही. पण भारतात २०२२ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९० हजार नव्या केसेस झाल्याचा ग्लोबोकॅन या जागतिक कॅन्सर-आकडेवारीचा अंदाज आहे. इतक्या सर्रास होणाऱ्या आजाराची गाठ कधीतरी एखाद्या दुर्मीळ आजाराशी निव्वळ योगायोगानेही पडणारच. ताईच्या उपचाराच्या दृष्टीने या वादाने काही फरक पडत नाही, म्हणून मी तो इथेच सोडतो.

फरक पडतो तो निदान खरं आहे का याने. तीन जागा अशा आहेत जिथे चांगले पॅथॉलॉजिस्टही फसतात.

पहिली जागा: मघाशी सांगितलेली साधी दाटी कधी इतकी वाढते की ती डीसीआयएससारखीच दिसते. शंका असेल तर आयएचसीने, म्हणजे विशिष्ट प्रथिनांना रंग देऊन, उलगडा होतो. साध्या दाटीत सीके ५/६ या प्रथिनाचा रंग ठिपक्याठिपक्यांनी चढतो आणि ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनच्या रिसेप्टरचा रंग, कुठे गडद, कुठे फिकट, कुठे नाहीच. नेहमीच्या लो आणि इंटरमीडिएट ग्रेडच्या डीसीआयएसमध्ये सीके ५/६ जवळजवळ कोरा असतो आणि ईआर सगळीकडे एकसारखा गडद. ताईच्या रिपोर्टमध्ये या दोन तपासण्यांचा उल्लेख नसेल तर त्या करून घेण्यासारख्या आहेत. खर्च फार नाही आणि निष्कर्षाने सगळा उपचारच बदलू शकतो. मागवून पाहिलेल्या स्लाइड्सवर ‘डीसीआयएस’चं ‘साधी हायपरप्लेजिया’ झालेलं मी पाहिलं आहे, आणि उलटही.

दुसरी जागा: कॅन्सरने भिंत ओलांडली की नाही. फायलोडीजमध्ये नळ्या ताणलेल्या, दबलेल्या असतात, तिथे हे नुसत्या नजरेने सांगणं अवघड जातं. नळीभोवती मायोएपिथेलियल पेशींचा एक थर असतो. पी६३ किंवा कॅल्पोनिनच्या रंगाने तो अखंड दिसला तर कॅन्सर आतच आहे.

तिसरी जागा सर्वांत धोक्याची. मेटाप्लास्टिक कार्सिनोमा नावाचा अस्तराचाच एक कॅन्सर आहे. त्यातल्या लांबट पेशी हुबेहूब स्ट्रोमासारख्या दिसतात. शेजारी डीसीआयएस आणि बाकी सगळा लांबट पेशींचा उग्र पसारा, असं चित्र असेल तर ‘फायलोडीज अधिक डीसीआयएस’ म्हणण्याआधी हे मेटाप्लास्टिक कार्सिनोमा तर नाही ना, हे पाहावंच लागतं. त्यासाठी एक नव्हे, अनेक सायटोकेरॅटिनचे (अस्तराच्या पेशींतल्या प्रथिनांचे) रंग आणि पी६३ लावतात. मॅलिग्नंट फायलोडीजमध्येही कुठे कुठे केरॅटिन उमटतं, म्हणून एका ठिपक्यावरून निकाल देता येत नाही; पापुद्र्यांची रचना आणि सीडी३४ (स्ट्रोमाच्या पेशींत उमटणारा रंग) यांचाही आधार घ्यावा लागतो. हा फरक कागदी नाही. मेटाप्लास्टिक कार्सिनोमा बहुधा ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर आणि हर-२ ही तिन्ही प्रथिनं नसलेला) असतो, तिथे काखेची तपासणी आणि कीमो दोन्ही येतात. फायलोडीजला दोन्ही लागत नाहीत. ताईच्या गाठीत बॉर्डरलाइन ग्रेड आणि नेहमीची पापुद्र्यांची रचना असेल तर ही शक्यता मागे पडते. तरी एकदा कोणीतरी तसं लेखी सांगितलेलं बरं.

म्हणून माझा सल्ला: पुढचं कुठलंही ऑपरेशन ठरवण्याआधी स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) दोन्ही घेऊन, स्तनाचेच नमुने रोज पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून फेरतपासणी करून घ्या. मुंबईचं टाटा मेमोरियल आहेच. देशभरातल्या कॅन्सर केंद्रांचं नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ पासून काम करतं आहे, त्यात महाराष्ट्रातलीही केंद्रं आहेत. टाटा आणि या ग्रिडशी जोडलेली ‘नव्या’ नावाची ऑनलाइन सल्ला सेवाही आहे, पण तिथे कागदपत्रं वाचून उपचारांबद्दल मत मिळतं. स्लाइड्स प्रत्यक्षच न्याव्या लागतात. नुसत्या स्लाइड्स नेल्या आणि ब्लॉक राहिले, तर नवे रंग लावता येत नाहीत आणि तुमची फेरी फुकट जाते. ब्लॉक देताना लॅब सही घेते, ते साहजिक आहे, ती त्यांची एकमेव मूळ प्रत असते. कुरिअरपेक्षा हाताने न्या, आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. सोबत ऑपरेशनची नोंद, जुनी सोनोग्राफी, एफएनएसीचा रिपोर्ट आणि मूळ हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट हवा.

दुसरं, दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी झालेली नसेल तर ती आता करा. गाठ काढल्यामुळे टाके आणि सूज यांचा थोडा अडथळा येईल, पण प्रश्न महत्त्वाचा आहे: डीसीआयएस त्या गाठीपुरता होता, की त्याची खूण असणारे चुन्याचे बारीक कण स्तनात इतरत्रही पसरलेले आहेत? इतरत्र काही संशयास्पद निघालं तर त्याची वेगळी बायोप्सी, आणि मग सगळी चर्चा नव्याने. निघालं नाही, तर पूर्ण स्तन काढण्याच्या बाजूने फारसं काही उरत नाही.

आता दोन आजारांचे दोन हिशेब. फायलोडीजसाठी पहिला प्रश्न मार्जिनचा. शाईला गाठ टेकली असती तर बॉर्डरलाइनमध्ये पुन्हा ऑपरेशन करावं हे उघड होतं. ३ मिमीवर मतं वेगळी आहेत. बॉर्डरलाइन आणि मॅलिग्नंटसाठी १ सेंमीचा मोकळा पट्टा ठेवावा असं परंपरेने आणि अमेरिकेच्या एनसीसीएन या कॅन्सर केंद्रांच्या संघाच्या मार्गदर्शनातही सांगितलं जातं. पण अलीकडचे बरेच सर्जन स्वच्छ पण अरुंद मार्जिनवर समाधान मानतात, विशेषतः गाठ बेनाइनच्या बाजूला झुकलेली असेल तर. माझं मत असं की फेरतपासणीत स्ट्रोमाची लक्षणं सौम्य निघाली आणि कड रेखीव असेल तर नीट फॉलोअपवर थांबता येईल. कड चरबीत शिरलेली असेल तर त्या एका बाजूचं थोडं अधिक ऊतक काढलेलं चांगलं. ३ मिमी कुठल्या बाजूचे, हेही विचारा. मागची बाजू छातीच्या स्नायूच्या आवरणापर्यंत गेली असेल तर तिथे आणखी काढायला काही नसतंच. दोरे आणि शाईचे रंग उपयोगी पडतात ते इथे.

रेडिएशन, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘लाईट’ म्हणतात, बॉर्डरलाइन आणि मॅलिग्नंट फायलोडीजमध्ये त्याच जागी पुन्हा येणं कमी करतं असं दिसतं. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तन राखून, मार्जिन स्वच्छ करून लाईट दिलेल्या ४६ बायकांपैकी एकीलाही जवळपास पाच वर्षांच्या पाहणीत गाठ त्या जागी परत आली नाही. मात्र लाईटमुळे आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, म्हणून प्रत्येक बॉर्डरलाइनला ती देत नाहीत. कीमोचं उत्तर सरळ आहे: बॉर्डरलाइन फायलोडीजला नाही, आणि डीसीआयएसलाही नाही. नातेवाइकांना एवढं सांगा. फायलोडीजला हार्मोनच्या गोळ्याही लागत नाहीत.

डीसीआयएसच्या हिशेबात त्याचं मार्जिन वेगळं मोजायचं. तुम्ही लिहिलेले ३ मिमी फायलोडीजचे आहेत. डीसीआयएस गाठीच्या पोटात असेल तर तो शाईपासून कदाचित सेंटिमीटरभर लांब असेल. रिपोर्टमध्ये हे अंतर वेगळं लिहायला हवं. लाईट देणार असाल तर डीसीआयएससाठी २ मिमी मार्जिन पुरतं, असा अमेरिकेतल्या तीन मोठ्या संघटनांचा २०१६ चा एकत्रित निर्णय आहे. लम्पेक्टमीनंतर (स्तन राखून गाठ काढल्यावर) लाईट दिल्याने डीसीआयएस पुन्हा येण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं. मात्र ते आकडे नेहमीच्या डीसीआयएसचे आहेत. संपूर्णपणे फायलोडीजच्या आत असलेला छोटा, पूर्ण निघालेला डीसीआयएस हा इतका विरळ प्रकार की त्यावर वेगळा मोठा अभ्यास होणं अवघडच. बरेच ऑन्कॉलॉजिस्ट अशा वेळी लाईट न देता लक्ष ठेवतात. इथे फायलोडीज बॉर्डरलाइन असल्याने लाईटच्या बाजूला थोडं वजन वाढतं, आणि दोन्ही आजारांचा विचार एका टेबलावर व्हावा तो याचसाठी. एका हॉस्पिटलात सर्जन आणि दुसरीकडे रेडिएशनवाले, असं करू नका.

डीसीआयएसवर ईआर तपासा. पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेन या हार्मोनविरोधी गोळीची चर्चा होईल: रोज २० मिग्रॅ पाच वर्षं ही जुनी पद्धत, आणि इटलीतल्या ‘टॅम-०१’ चाचणीनंतर (२०१९) रोज ५ मिग्रॅ तीन वर्षं हा हलका पर्यायही आला आहे. हर-२ ची तपासणी शुद्ध डीसीआयएसवर उपचारासाठी लागत नाही. कोणी सुचवली तर पैसे वाचवा. काखेतली सेंटिनल नोडची (कॅन्सर पसरला तर आधी जिथे जाईल त्या ग्रंथीची) तपासणी फक्त डीसीआयएससाठी, स्तन राखत असताना, लागत नाही. पूर्ण स्तन काढायचाच ठरला तर ती त्याच वेळी करतात, कारण नंतर करता येत नाही. फेरतपासणीत इन्व्हेझिव्ह कॅन्सर निघाला, तर मात्र हे सगळं बदलेल: सेंटिनल नोड, ईआर, पीआर, हर-२, सगळं लागेल. तेव्हाही स्टेज ठरेल ती त्या कॅन्सरच्या स्वतःच्या आकारावरून. ६.५ सेंमी हा फायलोडीजचा आकार आहे, तो कॅन्सरचा म्हणून धरला तर पेशंट विनाकारण तिसऱ्या टप्प्याजवळ जाऊन बसते. ही गफलत कागदोपत्री सहज होते.

जाता जाता, साध्या गाठीत कॅन्सर लपण्याचे आणखीही प्रकार आहेत. फायब्रोॲडेनोमात तो सापडतो, पण हजारात एखाद्या वेळी, आणि बहुधा चाळिशीनंतर. ॲडेनोमायोएपिथेलिओमा ही अस्तर आणि मायोएपिथेलियल पेशी या दोन्हींची गाठ. तिच्यातले दोन्ही घटक वेगवेगळे किंवा एकदम बिघडू शकतात, म्हणून ती पूर्ण काढतात. मायक्रोग्लँड्युलर ॲडेनोसिसमध्ये नळ्यांभोवतीचा मायोएपिथेलियल थरच नसतो, तरी तो मुळात कॅन्सर नव्हे. पण त्यातून निघणारा कॅन्सर बहुधा ट्रिपल निगेटिव्ह. यातलं ताईला काहीही लागू नाही. इंटरनेटवर शोधताना ही नावं समोर येतील आणि घाबरवतील, म्हणून सांगितलं.

फॉलोअप: पहिली तीन वर्षं दर सहा महिन्यांनी सर्जनकडून हाताने तपासणी आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी, वर्षातून एकदा दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी. ग्रेड बॉर्डरलाइनच राहिला तर छातीच्या सीटीची दरवेळी गरज नाही. टाक्यांच्या जागी नवी गाठ लागली तर ‘टाक्याचाच घट्टपणा’ म्हणून महिने काढू नका. परतणारी फायलोडीज कधीकधी आधीच्यापेक्षा वरच्या ग्रेडची असते.

मुलीबद्दल. फायलोडीज सहसा घराण्यात चालत नाही. अपवाद ली-फ्रॉमेनी नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजाराचा, टीपी५३ जीनमधल्या दोषाचा. त्यात मॅलिग्नंट फायलोडीजचं प्रमाण वाढलेलं दिसतं. घरात लहान वयात हाडांचा, मेंदूचा किंवा स्नायूंचा कॅन्सर, तिशीतला स्तनाचा कॅन्सर असं काही असेल तर जेनेटिक समुपदेशकाला भेटा. लाईटचा निर्णय होण्याआधी भेटा, कारण टीपी५३ दोष असलेल्यांना लाईट शक्यतो टाळतात. तसं काहीच नसेल तर मुलीची आज कुठलीही तपासणी नको. १९ व्या वर्षी मॅमोग्राफी तर मुळीच नको. आईला ४६ व्या वर्षी डीसीआयएस झाला एवढी नोंद तिच्या कागदांत असू द्या. साधारण ३६ व्या वर्षी, म्हणजे आईच्या निदानाच्या दहा वर्षं आधी, तिने आपल्या डॉक्टरांशी मॅमोग्राफी कधी सुरू करायची ते बोलावं. त्याआधी हाताला गाठ लागलीच तर सोनोग्राफी करून घ्यावी. तिच्या वयात ती गाठ बहुधा साधा फायब्रोॲडेनोमाच असेल.